मुलाकडे कायमचे जायचे म्हणता? आधी रांग पाहा



या सदरात आपण एरवी बोंडअळी, हुमणी, खताच्या मात्रा असल्या गोष्टी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. व्हिसाचा आहे. शेतीच्या विस्तार अधिकाऱ्याने व्हिसावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. मलाही लिहायला बसेपर्यंत तसेच वाटत होते. पण गेल्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका गावात या व्हिसापायी सहा एकर जमीन जाता जाता राहिली, आणि जमीन हा तर आपलाच विषय.

त्या गावी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळून दाखवले, चहा झाला, मंडळी पांगली. एक काका मात्र पारावरच बसून राहिले. वय पासष्टच्या पुढे. त्यांच्या शेतात मी पूर्वी तीन-चार प्रात्यक्षिके घेतलेली, त्यामुळे ओळख जुनी. सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून सातबारा काढला.

"साहेब, एवढं बघून सांगा. बोजा-बिजा काही राहिला नाही ना?"

"कर्ज काढता का काका?"

"नाही. जमीन इकायचीय."

हे मला अपेक्षित नव्हते. सहा एकरांपैकी चार कालव्याखाली, विहिरीला बारमाही पाणी, आणि घरावर एका पैशाचे कर्ज नाही. असा माणूस जमीन विकत नसतो. विचारले तेव्हा कळले की मुलगा आठ वर्षांपासून ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला, कॉम्प्युटरच्या कामात आहे. गेल्या साली त्याला तिथले नागरिकत्व मिळाले. नात दोन वर्षांची झाली, ती आजी-आजोबांना फोनच्या काचेतच ओळखते. आता दोघांनी कायमचे तिकडेच जायचे, असे काकांनी ठरवले होते. शहरातल्या एका एजंटाने त्यांना सांगितले होते की दोघांचे मिळून पन्नास लाख लागतील, पैसे आत्ताच तयार ठेवा, दोन वर्षांत काम होईल. गिऱ्हाईक ठरले होते. सोमवारी इसार घ्यायचा होता.

"मुलगा काय म्हणतो?" मी विचारले.

"तो म्हणतो बघू. त्याला संकोच वाटतो बापाची जमीन इकायला. म्हणून मीच मनावर घेतलं."

मी त्यांना एवढेच म्हटले की काका, इसार आठ दिवस पुढे ढकला. बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल वाचतो, मग पन्नास लाखांचा कागद न वाचता कसा घ्यायचा? ते कबूल झाले, पण मनातून नव्हे.

घरी आल्यावर मुलीला जवळ बसवून मी ऑस्ट्रेलिया सरकारच्या गृहखात्याची माहिती वाचून काढली. इंग्रजी सरकारी आहे, पण आमच्या परिपत्रकांपेक्षा सोपे आहे. त्यातून जे समजले ते असे.

परदेशातल्या मुलाने आईवडिलांना कायमचे बोलवायचे, तर त्यासाठी जागा मोजलेल्या असतात. दरवर्षी सरकार आकडा ठरवते. ऑस्ट्रेलियाने आईवडिलांसाठी २०२२-२३ पासून वर्षाला ८,५०० जागा ठेवल्या आहेत. त्याआधी त्या ४,५०० होत्या. या जागा भारतासाठी नाहीत, साऱ्या जगासाठी आहेत. आणि तिथे जाऊन स्थायिक झालेल्या चिनी, भारतीय, व्हिएतनामी, इंग्रज अशा साऱ्या मुलांचे आईवडील त्याच रांगेत उभे आहेत. २०२३ साली तिथल्या सरकारनेच नेमलेल्या समितीचा अहवाल आला, तेव्हा ही रांग एक लाख वीस हजार अर्जांच्या घरात होती.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला जड नाही. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, आणि आपला परभणी जिल्हा त्याच्या शेपटाकडचा. धरणात पाणी किती, पाळ्या किती, वरच्या अंगाला भिजवणारे किती, यावर आपल्या चारीला पाणी कधी येणार ते ठरते. तुमचा पाणी अर्ज मंजूर आहे, पट्टी भरलेली आहे, म्हणून उद्या पाणी येत नाही. व्हिसाचेही तसेच आहे. अर्ज तपासतात, बरोबर असला तर रांगेतली तारीख देतात, आणि मग वरच्यांचे भिजेपर्यंत थांबायचे. फरक इतकाच, की इथे पाळी चुकली तर एक हंगाम जातो.

रांगा दोन आहेत. एक कमी पैशांची, एक जास्त पैशांची. ८,५०० पैकी साधारण पाचवा हिस्सा जागाच कमी पैशांच्या रांगेला मिळतात. २०२४ साली गृहखात्याने स्वतः सांगितलेला अंदाज असा, की नव्याने अर्ज करणाऱ्याला कमी पैशांच्या रांगेत ३१ वर्षे लागतील आणि जास्त पैशांच्या रांगेत १४ वर्षे.

एकतीस वर्षे. मी तो आकडा मुलीला दोनदा वाचायला लावला. पासष्ट वर्षांच्या माणसाने आज अर्ज केला तर व्हिसा मिळेल शहाण्णव्या वर्षी. वर सांगितलेल्या समितीनेही हेच म्हटले आहे, की जो व्हिसा बहुधा हाती येणारच नाही त्यासाठी लोकांना अर्ज करू देणे हे निष्ठुरपणाचे आणि विनाकारण आहे. माझे मत विचाराल तर त्या सरकारची अडचणही मला कळते. म्हातारी माणसे आली की दवाखान्याचा, पेन्शनचा खर्च येतो, आणि तो तिथले करदाते भरतात. पण मग दार बंद करावे आणि तसे स्पष्ट सांगावे. दार किलकिले ठेवून अर्जाची फी घेत राहायचे, हे मला पटत नाही.

आता पैशांचे. जास्त पैशांच्या रांगेत प्रत्येक माणसामागे ४३,६०० ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागतात, म्हणजे आजच्या भावाने पंचवीस लाखांच्या आसपास. एजंटाने सांगितलेला पन्नास लाखांचा आकडा खोटा नव्हता. खोटे होते ते पुढचे. ही मोठी रक्कम अर्ज करताना भरायची नसतेच. अर्जाच्या वेळी लहान हप्ता, आणि मोठा हप्ता अगदी शेवटी, तुमचा नंबर लागून व्हिसा द्यायची वेळ आल्यावर, सरकार पत्र पाठवून मागते तेव्हा. म्हणजे काकांनी आज जमीन विकली असती तर ते पन्नास लाख चौदा वर्षे कोठे ठेवले असते? कोणाकडे ठेवले असते, हा प्रश्न तर आणखीच वाईट.

दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावी गेलो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मुलाला फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजून गेलेले. पोरगा हुशार आणि मनाने चांगला. मी म्हटले, "बाळा, तू ही रांग पाहिली आहेस का?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, रांगेचं सोडाच. आम्ही त्या रांगेत बसतच नाही. दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. बाबांना सांगायचं धाडस झालं नाही."

कारण असे. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात कुटुंबाच्या तोलाची एक कसोटी आहे. आईवडिलांच्या एकूण मुलांपैकी निदान निम्मी मुले ऑस्ट्रेलियात कायमची राहणारी असली पाहिजेत. निम्मी नसली तर निदान दुसऱ्या कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त असली पाहिजेत. या काकांना मुले तीन. एक मुलगा मेलबर्नला, थोरली मुलगी मानवतला दिलेली, धाकटी परभणीला. तिघांत एक तिकडे, दोन इकडे. कसोटीत नापास. चौदा वर्षांच्या आणि एकतीस वर्षांच्या, दोन्ही रांगांना ही अट लागू आहे. अर्ज केला असता तर फी गेली असती आणि नकार आला असता.

काका म्हणाले, "पोरींचा इथं काय संबंध? त्या तर दिल्या घरच्या झाल्या."

मी म्हटले, "काका, तिथला कायदा दिली-घेतली मानत नाही. लेक ती लेकच. तीन लेकरं म्हणजे तीन लेकरं."

काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमच्या दोन पोरी जवळ हायत, हे इतक्या लांबच्या सरकारला कळलं. तुम्हाला घरात बसून नाही कळलं."

फोनवर मुलगा हसला, आणि मग मला वाटते रडलाही. काका काही बोलले नाहीत. सातबारा घडी घालून पिशवीत ठेवला.

याचा अर्थ नातीचे तोंड पाहायचेच नाही असा नव्हे. कायमचे जाणे वेगळे आणि राहून येणे वेगळे. ऑस्ट्रेलियाचा साधा भेटीचा व्हिसा आहे, फी सुमारे दोनशे डॉलर. बहुतेकांना तीन महिने, काहींना सहा किंवा बारा महिने राहता येते. त्याहून लांब राहायचे असेल तर २०१९ पासून आईवडिलांसाठी तात्पुरत्या मुक्कामाचा एक व्हिसा आहे. तो एका वेळी तीन किंवा पाच वर्षांचा मिळतो, सगळे मिळून दहा वर्षांपर्यंत राहता येते. त्याला मुले कुठे किती आहेत ही कसोटी नाही. वर्षाला १५,००० ची मर्यादा मात्र त्यालाही आहे. आधी मुलाला यजमान म्हणून मंजुरी घ्यावी लागते, त्याचे उत्पन्न ठरलेल्या रकमेच्या वर असावे लागते, आईवडिलांचा आरोग्य विमा काढावा लागतो आणि तिथे जाऊन काम करता येत नाही. पाच वर्षांसाठी माणशी बारा हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे सात लाखांच्या घरात खर्च आहे. हाही थोडा नाही. पण तो नोकरी करणारा मुलगा भरू शकतो, त्यासाठी बापाने रान विकायला नको.

त्या गावची गोष्ट इतर गावांत बोलली गेली, आणि मग मला फोन येऊ लागले. आपल्या भागातली इतकी लेकरे बाहेर आहेत हे मलाही ठाऊक नव्हते. जिंतूरकडून एकाने विचारले, "साहेब, आमचा अमेरिकेत आहे, त्याचे काय?" म्हणून तेही सांगतो.

अमेरिकेत आईवडिलांची रांग नाही, हे ऐकून आश्चर्य वाटेल. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाच्या आईवडिलांना तिथे वार्षिक मर्यादाच नाही. कागदपत्रांच्या कामाला वेळ लागतो तेवढाच, आणि मुलाखत आपल्या मुंबईच्या वकिलातीत होते. पण मुलगा नागरिक हवा, नुसते ग्रीन कार्ड चालत नाही. आणि गोम तिथेच आहे. नोकरीवर ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,००० आणि त्यांत एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून जास्त नाहीत. भारत केवढा आणि लहानसा एखादा देश केवढा, मापटे दोघांना एकच. त्यामुळे २०२५ साली भारतीय पदवीधरांचे जे अर्ज निकाली निघत होते ते २०१३ सालच्या तारखांचे होते. ग्रीन कार्डानंतर आणखी पाच वर्षांनी नागरिकत्व. म्हणजे रांगेत उभा आहे तो मुलगा, आणि त्याच्या मागे न दिसणारे आईवडील. तोवर भेटीच्या व्हिसावर जायचे, तर एका खेपेला साधारण सहा महिने राहता येते.

कॅनडाची तऱ्हा तिसरी. तिथे चिठ्ठ्या टाकतात. ज्या मुलांनी २०२० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये 'आम्हाला आईवडिलांना आणायचे आहे' असा फॉर्म भरला होता, त्यांच्यातूनच २०२५ पर्यंत दर खेपेला नावे काढली गेली. २०२५ साली १७,८६० जणांना बोलावणे पाठवले आणि त्यांतले १०,००० अर्ज घ्यायचे ठरले. ज्याने तेव्हा फॉर्म भरला नाही, त्याचे नाव डब्यातच नव्हते. अशा लोकांसाठी तिथे २०११ पासून 'सुपर व्हिसा' आहे. दहा वर्षांपर्यंत येणे-जाणे करता येते आणि एका मुक्कामाला पाच वर्षे राहता येते. मात्र एक लाख कॅनेडियन डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. माझ्या मते आपल्यासारख्या शेतकरी माणसाला हा सगळ्यांत सोयीचा. न्यूझीलंडने २०२२ पासून वर्षाला २,५०० जागा ठेवल्या आहेत. इंग्लंडचे विचारू नका. २०१२ च्या जुलैपासून तिथला नियम असा, की ज्याची रोजची शुश्रूषा त्याच्या स्वतःच्या देशात कोणत्याही उपायाने होऊच शकत नाही, त्यालाच घेतात. धडधाकट माणसाला ते दार नाही.

आता जमिनीकडे येतो, कारण काकांच्या प्रकरणात मला खरी धास्ती तिची वाटली. पुष्कळांचा समज असतो की आज विकू, पुढे मुलगा डॉलरमध्ये कमावतो तो दुप्पट घेईल. तसे होत नाही. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे परदेशात राहणाऱ्या भारतीयाला आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला आपल्या देशात शेतजमीन विकत घेता येत नाही. घर घेता येते, फ्लॅट घेता येतो, शेत नाही. वारसाने मात्र मिळू शकते. म्हणजे बापाच्या नावावर जमीन राहिली तर ती मेलबर्नच्या मुलाला आणि मानवत-परभणीच्या मुलींना वारसाने जाईल. बापाने विकली, तर मुलाने कितीही पैसा आणला तरी त्याला ती परत घेता येणार नाही. शिवाय आपल्याकडे शेतजमीन घ्यायला माणूस मुळात शेतकरी असावा लागतो. सगळेच रान विकून बसलेल्या माणसाला उद्या परत येऊन दोन एकर घ्यायची म्हटली तर तोच प्रश्न आडवा येतो.

राहून यायला जाणाऱ्यांनी कागदांचे काम मात्र आजच हाती घ्यावे. पासपोर्टवर एक नाव, आधारवर दुसरे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे तिसरेच, हे आपल्याकडे घरोघर आहे. बाईचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांचा मेळ घालणारा कागद नसतो. लग्नाची नोंद नसेल तर ग्रामपंचायतीत करून घ्या, तीस वर्षांपूर्वीचे लग्न असले तरी. मुलाचा जन्मदाखला नसेल तर त्याच्या मागे आत्ताच लागा, तो निघायला वेळ लागतो. अर्ज मुलाने स्वतः त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर भरावा. ज्याला इंजिनिअरचे काम येते त्याला हा फॉर्म भरता येतो. एजंट घ्यायचाच असेल तर तो त्या देशाच्या यादीत नोंदलेला आहे का ते मुलाला तिकडून पाहायला सांगा. आणि 'हमखास' म्हणणाऱ्याच्या पायरीवरून परत फिरा. वर्षाला किती जागा ते सरकार ठरवते, एजंट नव्हे.

शेताचीही सोय लावून जावे. बटईने देत असाल तर भावकीतल्या माणसालाही लिहून द्या आणि लिहून घ्या. तोंडी बटईने किती घरे तुटली ती मी पाहिली आहेत. पीएम किसानची ई-केवायसी निघण्यापूर्वी करा. बँकेला जोडलेला मोबाईल नंबर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी गावात आणि तुम्ही मेलबर्नात. आणि ई-पीक पाहणी शेतात उभे राहूनच करावी लागते, परदेशातून होत नाही. ती कोण करणार ते ठरवून जा.

काका-काकूंनी भेटीचा व्हिसा काढायचे ठरवले आहे. तूर आणि हरभरा घरात आला की फेब्रुवारीअखेर निघायचे, तीन महिने नातीजवळ राहायचे आणि मृगाच्या आधी परत. तिकीट मुलगा पाठवणार आहे. गिऱ्हाइकाला काकांनी नाही म्हणून सांगितले. तो जरा रागावला, पण ते चालायचेच. तीन महिने रानाकडे आणि विहिरीकडे मानवतची थोरली लेक लक्ष देणार आहे. परवा ती मला भेटली. ई-पीक पाहणीचे ॲप आपल्या फोनमध्ये कसे घ्यायचे ते विचारत होती. मी दाखवले. उन्हाळी भुईमूग लावला तर पाणी पुरेल का, असेही विचारले. मी म्हटले, आधी विहिरीची पातळी मोज, मग सांगतो.

पुढच्या अंकी हरभऱ्यावरील घाटेअळी. कामगंध सापळे एकरी दोन लावायचे की चार, यावर बऱ्याच जणांची पत्रे आली आहेत.